नववीला इम्प्रेशनिस्ट चित्रकला सगळ्या विषयांतून शिकवायची आहे. कोल्हापूरच्या पोरांना कुठून सुरू करू?

मधलीसुट्टी

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीला मराठी आणि इतिहास शिकवते. आमच्याकडे दरवर्षी जानेवारीच्या शेवटी एक आठवडा सगळे तास एकाच गोष्टीभोवती फिरवतात. मागच्या वर्षी ऊस होता. गुऱ्हाळ, ढेप, वजन, बाजारभाव, सगळं आपसूक जमलं. यंदा हेडबाई कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि त्यांनी 'इम्प्रेशनिस्ट चित्रकला' जाहीर केली, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या मोनेसारख्या, बदलतं ऊन रंगवणाऱ्या चित्रकारांची. समन्वयक म्हणून माझं नाव लिहून मोकळ्या झाल्या.

स्टाफरूममध्ये काय झालं ते सांगते. भूगोलाचे सर म्हणाले, फ्रान्सचा नकाशा भरून घेतो. विज्ञानाच्या मॅडम इंद्रधनुष्य घेणार. गणिताचे सर म्हणाले, मोने 1840 ला जन्मला, 1926 ला वारला, वय काढा. ते अर्धं चेष्टेत होतं, पण अर्धंच. ड्रॉइंगचे सर दोन शाळांत मिळून एक, त्यामुळे आमच्या वाट्याला अर्धा आठवडा. मला हे सगळं पाहुण्याला बळंच हार घातल्यासारखं वाटतंय. मोनेचं नाव प्रत्येक तासाला घेतलं म्हणजे तो विषय झाला का?

वर्गाची माहिती: निम्मी मुलं शहरातली, निम्मी करवीर तालुक्यातल्या गावांतून एसटीनं येणारी. एलिमेंटरी दिलेली थोडीच. प्रोजेक्टर आहे, पण आमच्या खोलीला पडदे नाहीत. दिवसा भिंतीवर नुसता पांढरा धब्बा दिसतो.

कोणती चित्रं घ्यावीत, आणि कुठल्या विषयाला खरंच काही देता येईल? आणखी एक. एका सहकाऱ्यांचं म्हणणं असं की आबालाल रहिमान हे आपल्या कोल्हापूरचे इम्प्रेशनिस्टच, त्यांच्यापासून सुरुवात करा. करू का?

जुना_ब्रश

मॅडम, हयात ड्रॉइंग शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे जरा लांबण लावतो, सोसून घ्या.

पडदे नाहीत हे बरंच झालं. पहिला दिवस प्रोजेक्टर लावूच नका. मोनेचं नावही काढू नका. गावाकडनं येणाऱ्या पोरांना विचारा, कुणाच्या रानात पिंजराची व्हळी, म्हणजे वाळल्या पेंढ्याची गंजी आहे. जानेवारीत असतेच. शाळेच्या जवळपास सापडली तर सोनं, नाहीतर शाळेची पाण्याची टाकी धरा, भिंत धरा, काहीही चालेल. वस्तू एकच आणि बसायची जागा एकच. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढे तीन कागद. एक सकाळी परिपाठानंतर, एक भर दुपारी, एक शाळा सुटताना. प्रत्येक कागदाला वीस मिनिटं. घंटा झाली की कागद काढून घ्यायचा, अर्धा असला तरी. सकाळच्या कागदाला दुपारी हात लावू द्यायचा नाही, यात हयगय नको.

पोरं रडतील, 'सर, अजून व्हायचंय.' होऊ दे. ऊन थांबत नाही हे त्यांना हातानं कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मोनेच्या व्हळी दाखवा. जिव्हर्नीला त्याच्या घराजवळच्या शेतात 1890-91 च्या हंगामात त्यानं त्या रंगवल्या, पंचवीसच्या आसपास चित्रं आहेत. तो एकाच वेळी बरेच कॅनव्हास घेऊन बसायचा. ऊन सरकलं की हातातला बाजूला ठेवून त्या उनाचा कॅनव्हास पुढे घ्यायचा. तुमची पोरं आदल्या दिवशी हेच करून आलेली असतील, त्यामुळे 'हा काय एकच चित्र परत परत काढतोय' असं कुणी म्हणणार नाही. नंतर रुआंच्या कॅथेड्रलची चित्रं दाखवा. समोरच्या इमारतीत जागा घेऊन 1892 ते 1894 मध्ये त्यानं तीसच्या वर चित्रं केली. दगड तोच, पण कधी निळा, कधी लोण्यासारखा पिवळा.

रंगाच्या डब्यातला काळा मात्र आधी काढून घ्या. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रानं पोरांना सवय लावलीय, वर निळी पट्टी म्हणजे आकाश आणि झाडाखाली काळा गोळा म्हणजे सावली. मार्क मिळतात, काही चुकीचं नाही. पण काळा नसला की पोरगं सावलीकडे मान वळवून बघतं. मग त्याला जांभळा दिसतो, निळा दिसतो. इम्प्रेशनिस्टांच्या जांभळ्या सावल्या बघून पॅरिसचे लोक हसले होते, तुमची पोरं हसणार नाहीत.

आता इतिहास, म्हणजे तुमचा तास. तीन वर्षं फळ्यावर लिहा: 1872, 1874, 1891.

1872 मध्ये मोनेनं ल हाव्र बंदरातला तो धुक्यातला सूर्योदय रंगवला. त्याच साली आपल्याकडे टाऊन हॉलचं बांधकाम सुरू झालं, 1876 ला पुरं झालं. 1874 च्या एप्रिलमध्ये या मंडळींनी पॅरिसमध्ये एका फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत पहिलं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी 26 जूनला शाहू महाराजांचा जन्म. 1891 च्या मे महिन्यात मोनेच्या व्हळींची चित्रं पॅरिसच्या ड्युरां-रुएल या चित्रविक्रेत्याकडे मांडली, आणि त्याच वर्षी मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. योगायोगच आहेत, एकामुळे दुसरं घडलं असं काही नाही, तेवढं स्पष्ट सांगा. पण 'फ्रान्समधलं कधीतरीचं' हे जे पोरांच्या डोक्यात असतं, ते यानं जातं.

रेल्वेवर मात्र थांबा, कारण तिथं खरा धागा आहे. हे चित्रकार स्टुडिओबाहेर पडले ते दोन गोष्टींच्या जिवावर. एक म्हणजे पत्र्याची रंगाची ट्यूब. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं लंडनमध्ये 1841 ला तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. ती फुटायची, रंग वाळायचा. दुसरी रेल्वे. सकाळी पॅरिसमधून गाडी धरायची, नदीकाठच्या गावात उतरायचं, संध्याकाळी परत. 1877 मध्ये मोनेनं सँ-लाझार स्टेशनच रंगवलं, बाराएक चित्रं आहेत. लोखंडी छपराखाली इंजिनाची वाफ, त्या वाफेतनं दिसणारं ऊन. हे चित्र दाखवलं की गुऱ्हाळाच्या पोरांना विचारा, काहिलीवरच्या वाफेतनं समोरचा माणूस कसा दिसतो. कडा दिसते का? मग रेल्वे आल्यावर कोल्हापुरात काय बदललं यावर या. चारच वर्षांनी, 1895 ला, शाहूपुरीची पेठ वसली. इतिहासाचा तास असा भरतो, जन्म-मृत्यूच्या सालांनी नाही.

आणि युद्ध वगळू नका. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. त्यांच्यातला बाझील लढायला गेला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मारला गेला. मोने आणि पिसारो लंडनला निघून गेले. पिसारोच्या घरात सैन्य राहिलं, त्याचे कॅनव्हास चिखलावर अंथरून त्यावरून लोक चालले, कितीतरी चित्रं गेली. फुलं, बागा, होड्या बघून पोरांना वाटतं की ही सुखवस्तू माणसं. ते हे ऐकल्यावर परत बघतात. मुलींसाठी बेर्त मोरिझो घ्या. ती 1874 च्या पहिल्याच प्रदर्शनात होती, आणि त्या वेळी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेशच नव्हता. तो 1897 ला मिळाला.

आबालालांबद्दल. दाखवा, जरूर दाखवा. जे. जे. मध्ये शिकलेला माणूस, शाहू महाराजांचा आश्रय, आणि रंकाळा-पंचगंगेच्या परिसरातली निसर्गचित्रं. उजेडाचं त्यांना जे कळलं होतं ते फार थोड्यांना कळलं. पण 'आपला मोने' म्हणून त्यांच्या गळ्यात पाटी अडकवू नका. त्यांना त्यांच्या नावानं बघू द्या. मोनेची व्हळी आणि आबालालांचं निसर्गचित्र शेजारी ठेवून पोरांनाच विचारा, सारखं काय आणि वेगळं काय. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथं निसर्गचित्रंच निसर्गचित्रं. मूळ चित्रावर रंगाचा थर असतो, ब्रशचा केस अडकलेला असतो. हे मोबाइलवर दिसत नाही. एक सहल तिकडे काढा, बसचं भाडंही फारसं नाही.

प्रकाशवाडी

विज्ञानाची शिक्षिका आहे, म्हणून त्या इंद्रधनुष्याबद्दल बोलते. इंद्रधनुष्य घ्या, पण त्यातून या चित्रांचं काही उलगडत नाही. त्यापेक्षा सावली घ्या. जुना_ब्रश सरांनी काळा काढायला सांगितलाय, त्याचं कारण विज्ञानाच्या तासाला मिळू दे. उन्हात पांढरा कागद ठेवायचा, त्यावर पट्टीची सावली पाडायची. सावलीत सूर्याचा थेट उजेड नाही, पण आकाशाचा येतोच, आणि तो निळा. म्हणून सावली निळसर. मुलं म्हणतील, दिसत नाही, करडीच आहे. मग वहीच्या कागदाची नळी करून एका डोळ्यानं फक्त सावलीचा तुकडा बघायला लावा. आजूबाजूचं झाकलं की निळा दिसायला लागतो. मेंदू एरवी तो वजा करत असतो. इथून आकाश निळं का आणि मावळतीला तांबडं का, हे प्रकाशाचं विकिरण आपोआप येतं.

दुसरी एक गोष्ट सगळीकडे चुकीची सांगतात, तेवढी टाळा. 'इम्प्रेशनिस्ट पिवळ्या आणि निळ्या रंगाचे ठिपके शेजारी देत आणि लांबून हिरवा दिसे.' करून बघा. पुठ्ठ्याची चकती करा, अर्धी पिवळी, अर्धी गडद निळी, मधून दोरा घालून भिंगरीसारखी फिरवा. हिरवा येत नाही, मळकट राखाडी येतो. बशीत कालवलेला रंग आणि डोळ्यात मिसळलेला उजेड यांचे नियम वेगळे. शिवाय ठिपक्यांचा तो काटेकोर उद्योग मुख्यतः जॉर्ज स्युराचा. तो 1886 च्या आठव्या, म्हणजे शेवटच्या प्रदर्शनात आला आणि त्याला पुढच्या पिढीत धरतात. मोने हिरवा सरळ ट्यूबमधून काढून लावायचा. डोळ्यातलं मिसळणं दाखवायचं तर मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. थेंबाचं भिंग होतं आणि लाल, हिरवे, निळे कण दिसतात. मुलं वेडी होतात. फोन कुणाचा वापरायचा ते आधी ठरवा.

आणि इचलकरंजीकडचं कुणी वर्गात असेल तर शेव्रलची गोष्ट सांगाच. हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलिन या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळं सूत नीट रंगत नाही, मळकं दिसतं. त्यानं तपासलं, सूत पक्कं काळं होतं. शेजारच्या रंगांमुळे ते फिकं दिसत होतं. यावर त्यानं 1839 मध्ये मोठा ग्रंथ काढला, आणि चित्रकारांनी तो नियम उचलला. मागावर काम करणाऱ्या घरातल्या मुलाला हे लगेच कळतं. तो घरी जाऊन साडीच्या काठाकडे बघेल.

दहावीत डोळ्याचा भाग येतो, पण नववीलाही एक सांगता येईल. मोनेला म्हातारपणी मोतीबिंदू झाला, 1923 ला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधीच्या चित्रांत त्याच्या बागेतला जपानी पूल तांबड्या-तपकिरी रंगात बुडालेला आहे. ऑपरेशननंतर त्याला सगळं फार निळं दिसू लागलं म्हणून रंगीत काचांचा चष्मा लावावा लागला. गृहपाठ: ज्यांच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांनी विचारून या, पट्टी काढल्यावर पांढरं पातळ कसं दिसलं.

अस्सलकलापूर

कलापूरच्या पोरांना फ्रेंच चित्रं कशाला पाहिजेत? इथं गल्लीगल्लीत पेंटर आहेत. आधी बाबुराव पेंटर शिकवा, मग मोने.

जुना_ब्रश

बाबुराव पेंटर शिकवावेतच, त्याला ना नाही. पण आठवड्याचा विषय हेडबाईंनी ठरवलाय, आणि मॅडमना सोमवारी वर्गात उभं राहायचंय. वाद घालायला रंकाळ्यावर या, भेळ माझ्याकडून.

भूमितीची_पेटी

तुमच्या गणिताच्या सरांना हा निरोप द्या. आठवडा जानेवारीच्या शेवटी आहे म्हणताय, म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीची किरणं देवळात थेट गाभाऱ्यापर्यंत येतात ते दिवस, हाताशी आला. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. दुसरा नोव्हेंबरमध्ये, 9, 10, 11 ला. वर्षात दोनदाच का, आणि नेमक्या याच तारखांना का, हे कोल्हापूरच्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं, आणि बहुतेकांना नसतं.

10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर दिवस मोजा. मग तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत. एकीकडे 41, दुसरीकडे 42. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर, म्हणून सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच जागी मावळतो. कोल्हापुरातून ती जागा नेमक्या पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे 18 अंशांवर येते. देऊळ पश्चिमाभिमुख, किरणं महाद्वारातून आत. गाभाऱ्यापर्यंतची रेघ कागदावर काढायला लावा. मंदिरात गर्दीत वर्ग न्यायची गरज नाही. शाळेच्या गच्चीवरून आठवडाभर मावळतीचा बिंदू समोरच्या इमारतींच्या रेषेवर खुणा करून नोंदवायचा. रोज किती सरकला, आलेख काढायचा.

मोनेशी संबंध एवढाच की त्यालाही हीच अडचण होती. काही दिवसांनी त्याच तासाचं ऊन त्याच कोनातून येत नाही. तो चिडायचा, आपण मोजायचं.

नदीपल्याडची

भूगोलाच्या सरांसाठी: नकाशा भरून घेण्यापेक्षा सिसले या इम्प्रेशनिस्टाचं पोर-मार्ली गावच्या पुराचं चित्र घ्या. 1876 चं आहे. सीन नदीचं पाणी गावात आलंय, दारूच्या दुकानाची इमारत पाण्यात उभी आहे, होड्या फिरताहेत, वर मोठं आकाश. एकाच पुराची त्यानं बरीच चित्रं केली.

मी चिखली-आंबेवाडीच्या बाजूच्या शाळेत शिकवते. 2019 ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट, इशाऱ्याची 39. ते आकडे आमची पोरं पाढ्यासारखे म्हणतात. हे चित्र वर्गात लावलं तेव्हा मी समजत होते की सुंदर म्हणतील. एक मुलगी म्हणाली, 'बाई, ह्यात वास नाही.' मग सगळा वर्ग सुटला. म्हशी कुठायत? गाळ कुठाय? पाणी एवढं निळं कसं, आमचं तर चहासारखं होतं. एकजण म्हणाला, हा माणूस पूर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलाय, बघा, कुणी धावत नाहीये. ते बरोबर आहे, चित्रातलं पाणी थांबलेलं आहे.

तेव्हा भूगोल म्हणून पूररेषा, नदीचं वळण, काठावरची वस्ती, हे सगळं घ्या. पण मराठीचा तास त्याला जोडून ठेवा. मी लिहायला सांगितलं: तुम्ही पाहिलेल्या पुरातलं एकच दृश्य, दहा ओळींत, 'पूर', 'पाणी' आणि 'भीती' हे शब्द न वापरता. एरवी निबंधात 'निसर्गाचे रौद्र रूप' लिहिणाऱ्या पोरांनी पत्र्यावर अडकलेल्या चपलेबद्दल लिहिलं, बंद पडलेल्या फ्रीजच्या दाराबद्दल लिहिलं. एक इशारा, ज्यांच्या घरात खरंच पाणी गेलंय त्यांना सक्ती करू नका. मी त्यांना नदीचं कुठलंही दुसरं दृश्य निवडायची मोकळीक दिली होती.

जुना_ब्रश

बाई, तुमच्या त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. सिसलेवर यापेक्षा नेमकं बोललेलं मी ऐकलेलं नाही. मला स्वतःला ते चित्र अतिशय आवडतं आणि तरीही ती म्हणते ते खरं आहे. तो पुराचं चित्र काढतच नव्हता, आकाशाचं काढत होता. एवढं मोठं पाणी गावात शिरलं म्हणजे त्याला खाली आणखी एक आकाश मिळालं.

मधलीसुट्टी

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. गणिताचे सर किरणोत्सवावर लगेच उठले, गच्चीची किल्ली शिपाईमामांकडून आजच घेऊन ठेवली. विज्ञानाच्या मॅडमनी चकती करून बघितली, राखाडीच आली, आता त्या इंद्रधनुष्य सोडून सावलीवर आल्यात. भूगोलाचे सर अजून नकाशावर अडून आहेत. निम्मा तास नकाशा, निम्मा सिसले, अशी तडजोड झाली.

मी युद्धाचा भाग आणि ते दहा ओळींचं लेखन घेते. व्हळीही सापडली, शाळेच्या मागच्या रस्त्याला. मालक म्हणाले बसा, फक्त वर चढू नका.

दोन अडचणी राहिल्या. रंग कोणते आणायला सांगू? सगळ्यांना परवडले पाहिजेत. आणि नेमकं त्या दिवशी ढग आले तर?

जुना_ब्रश

तैलखडू सांगा. बारा रंगांची पेटी पुरते, पाणी-डबे-ब्रश नकोत, रानात बसून वीस मिनिटांत काम होतं आणि रंगावर रंग चढवता येतो. चार पोरांत एक पेटी चालेल, भांडणं होतील तेवढी होऊ देत. कागद पांढरा नको. दुकानातनं पार्सलचा खाकी कागद आणून कापा, स्वस्तही पडतो आणि त्यावर पांढरा आणि पिवळा खुलून दिसतो. काळा खडू पेट्यांतून आदल्या दिवशीच गोळा करून घ्या, नाहीतर दप्तरातनं निघतो.

ढग आले तरी न्या. ढगाळ उनाची व्हळी वेगळीच असते, मोनेच्या त्या मालिकेत बर्फातल्याही आहेत. पाऊस लागला तरच शाळेच्या व्हरांड्यातनं टाकी काढा.

ड्रॉइंगचे सर त्या दिवशी दुसऱ्या शाळेत असतील तर मला इथंच निरोप टाका, सकाळच्या कागदाला मी येऊन उभा राहीन. फक्त सोमवार सोडून, सोमवारी नातवाला क्लासला सोडायचं असतं.